आयपी पत्त्यावरून पोस्ट टाकणारा कुठला, हे कितपत कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांचे सेक्रेटरी, छोटी बातमी-पोर्टलं चालवणारे, ट्रोलिंगला वैतागलेले लोक आणि ‘आमचे किती वाचक मुंबईचे?’ म्हणून मागे लागणारे जाहिरात विभागवाले यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आयपी पत्त्यात जागेची माहिती असते का?

नसते. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर तुमचं कनेक्शन ओळखायचा क्रमांक. नेहमीचा आयपी पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. एसटीडी कोडवरून गाव ओळखायची जी सोय होती, ती इथे नाही. जगातले पत्ते पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आपल्या भागाचं काम ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असलेली एपनिक ही संस्था बघते आणि भारतात निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन. त्यांच्या वहीत नोंद होते ती इंटरनेट कंपनीची, तुमची नाही. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असेल तर बोरिवलीत वापरल्या जाणाऱ्या पत्त्यापुढेही दिल्लीच लिहिलेलं असू शकतं.

आणि हो, तुमच्या राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातल्या घरात वापरायचा असतो. तोच पत्ता एका वेळी लाखो घरांत चालू असतो. त्याची जागा शोधायला पाठवू नका.

२. मग नकाशावर टाचणी कशाच्या आधारे लागते?

अंदाजाच्या. अमेरिकेतली मॅक्समाइंड आणि तिच्यासारख्या काही कंपन्या ‘हा पत्त्यांचा गठ्ठा इथला’ अशा याद्या बनवून विकतात. त्यासाठी त्या नोंदणीच्या वह्या पाहतात, राउटरांच्या नावांतल्या खुणा पाहतात (मुंबईतल्या राउटरच्या नावात अजून विमानतळाचं जुनं ‘बीओएम’ हे संक्षिप्त रूप सापडतं), उत्तर यायला लागणारा वेळ मोजतात (प्र. १४). काही इंटरनेट कंपन्या आपणहून ‘हे पत्ते अमुक शहरात वापरतो’ अशी यादी जाहीर करतात. तिचा साचा २०२० मध्ये आरएफसी ८८०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरला. या यादीत कंपनी जे लिहील ते, तपासणारा कुणी नाही.

तुम्ही ‘माय आयपी लोकेशन’ शोधल्यावर येणारी डझनभर संकेतस्थळं बहुतेक याच मोजक्या याद्या वापरतात. तिघांनी एकच गाव सांगितलं म्हणजे तीन पुरावे मिळाले, असं धरू नका.

३. टक्क्यांत सांगा ना, अचूकता किती?

एका आकड्यात सांगणारा फसवतो. देश बहुतेक वेळा बरोबर येतो. राज्याच्या बाबतीत घरचं ब्रॉडबँड असेल तर बऱ्यापैकी भरवसा, मोबाइल असेल तर कमी. शहर म्हणजे नशीब. गल्ली, इमारत, फ्लॅट हे या पद्धतीने कळतच नाही. ‘९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली तर कोणत्या पातळीला ते बघा. जवळपास नेहमी ती देशाची असते.

खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे नोंदीसोबत दिलेली त्रिज्या, आणि तीच कुणी वाचत नाही. मॅक्समाइंडच्या यादीत प्रत्येक जागेपुढे ५, २०, १००, २००, अगदी १००० किलोमीटर असा आकडा असतो. त्या वर्तुळात माणूस असण्याची आपली खात्री ६७ टक्के, असं कंपनी स्वतःच सांगते. म्हणजे तिघांतला एक वर्तुळाच्या बाहेरही असेल. मुंबईभोवती २०० किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर त्यात पुणे येतं, नाशिक येतं, गुजरातमधलं वलसाडही येतं.

४. मी डोंबिवलीत राहतो. सगळ्या साइट मला चेन्नईत दाखवतात आणि तमिळ जाहिराती येतात. माझं कनेक्शन हॅक झालंय का?

नाही. पत्त्यांचा तो गठ्ठा पूर्वी तुमच्या कंपनीने चेन्नईत वापरला असावा, किंवा कंपनीने तो दुसऱ्या कुणाकडून विकत घेतला असावा. मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीचे (म्हणजे प्र. १ मधले चार आकडी गटांचे) पत्ते फेब्रुवारी २०११ मध्येच संपले. तेव्हापासून पत्ते हस्तांतरित होतात, शहरं बदलतात, आणि याद्यांना ते कळायला वेळ लागतो. तोवर तमिळ जाहिराती बघा. दुरुस्तीसाठी प्र. १६.

५. पण ‘मुंबई’ दाखवलं तर तो मुंबईचाच ना?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. भारतातल्या शहरांत ‘मुंबई’ हे उत्तर मिळालं की मी सर्वांत सावध होतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून या शहरात जाळ्याच्या गाठी वाढतच गेल्या. समुद्राखालच्या केबली वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर वर येतात. कंपन्या एकमेकींशी रहदारीची देवाणघेवाण करतात ती एक्स्चेंजं इथे आहेत. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यामुळे रत्नागिरीतल्या किंवा जळगावातल्या माणसाचं इंटरनेट बाहेरच्या जगात पाऊल टाकतं ते अनेकदा मुंबईतून. यादीला दिसतं ते पाऊल. दादर स्टेशनच्या जिन्यावरून उतरणारी माणसं मोजून दादरची लोकसंख्या काढावी, तसा हा हिशेब.

दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. लोकांना वाटतं, सर्कल वेगळं म्हणजे आयपीही वेगळा ओळखू येत असेल. तसं नाही. सर्कल ही परवान्याची हद्द आहे. मोबाइल कंपनीने आपलं बाहेर पडायचं दार कुठे ठेवायचं ते ती आपल्या सोयीने ठरवते.

त्यात भाड्याच्या सर्व्हरांची भर. अॅमेझॉनने आपला मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू केला आणि बाकीच्या मोठ्या कंपन्यांचीही यंत्रं इथे आहेत. जगात कुठेही बसून इथला सर्व्हर भाड्याने घेता येतो, आणि त्यावरून आपोआप टाकलेल्या हजार पोस्ट ‘मुंबईच्या’ दिसतात. पत्ता डेटा सेंटरचा आहे की घरगुती कनेक्शनचा, हे याद्यांत बरंचसं कळतं. गाव बघण्याआधी तो रकाना बघा.

मुंबई आणि ठाणे, किंवा कुर्ला आणि वाशी यांतला फरक आयपीवरून सांगणाऱ्याला हसून सोडून द्या.

६. एकाच आयपीवरून वीस वेगवेगळ्या नावांनी शिव्या आल्या आहेत. म्हणजे हा एकच माणूस ना?

असेलही. पण एवढ्यावरून म्हणता येत नाही. पत्ते अपुरे पडल्यामुळे कंपन्या एकेका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. याला कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात. मोबाइलवर हे सर्रास चालतं आणि इमारतीत वायर टाकणारे छोटे केबलवालेही तेच करतात. एका पत्त्यामागे अख्खी सोसायटी असू शकते, किंवा अनेक तालुक्यांतले अनोळखी लोक. उलट बाजूने, एकच माणूस सकाळी घरचं वायफाय, लोकलमध्ये मोबाइल डेटा आणि दुपारी ऑफिसचं जाळं वापरून तीन पत्त्यांवरून दिसतो.

तो पत्ता ब्लॉक करण्याआधी हे लक्षात घ्या. एक शिवराळ माणूस बाहेर ठेवायला जाल आणि त्याच्यासोबत भले वाचकही जातील.

७. मला अक्षांश-रेखांश मिळाले आहेत, चार दशांश स्थळांपर्यंत. नकाशावर तिथे एक घर आहे. जाऊन विचारू का?

अजिबात जाऊ नका.

चार दशांश म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता, असं भूगोल म्हणतो. पण यादीतला बिंदू त्या शहराचा, जिल्ह्याचा किंवा देशाचा ‘मधला’ म्हणून ठेवलेला असतो, आणि तो मधला बिंदू कुणाच्या तरी अंगणात पडतो. अमेरिकेत हे भयंकर थराला गेलं. ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच माहीत असलेल्या पत्त्यांसाठी मॅक्समाइंडने देशाच्या मध्याजवळचा ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम हा गोल आकडा ठेवला होता. तो पडला कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका शेताला चिकटले. वर्षानुवर्षं तिथे पोलिस येत राहिले, फसवले गेलेले लोक चोर शोधत येत राहिले. तिथे राहणाऱ्यांना कारण काय ते माहीतच नव्हतं. २०१६ मध्ये पत्रकारांनी छडा लावला, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

भारतासाठी असाच गोल आकडा प्रचलित होता, २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व. नकाशावर बघा, तो आपल्या वाशिमजवळ पडतो. वाशी नव्हे, विदर्भातलं वाशिम. तेव्हा मुंबईतल्या एखाद्या वैतागलेल्या माणसाला ‘ट्रोल वाशिमचा आहे’ असं दिसलं, तर त्याचा खरा अर्थ ‘भारतात कुठेतरी’ एवढाच असू शकतो.

८. फोन तर मला अगदी आमच्या चाळीच्या दारात दाखवतो. मग आयपीवरून का नाही?

कारण फोन आयपी विचारतच नाही. तो उपग्रह, आसपासच्या वायफाय राउटरांची नावं आणि मोबाइल टॉवर यांवरून जागा काढतो, आणि ती तुमच्या परवानगीनेच अॅपला देतो. परवानगी नाकारलीत की साइटच्या हातात आयपीच उरतो. एखादं अॅप तुमची जागा बिनचूक सांगत असेल तर बहुधा कधीतरी तुम्हीच ‘परवानगी द्या’ दाबलेलं असतं.

९. आता एक्सवर खात्याचा देश दिसतो. ‘हे सगळे परदेशात बसून आपल्यात भांडणं लावतात’ असं त्यावरून म्हणता येईल का?

एक्सने ही सोय नोव्हेंबर २०२५ मध्ये आणली. चीनमधल्या वेइबोने २०२२ मध्येच वापरकर्त्याचा प्रांत, आणि तो परदेशात असेल तर देश, दाखवायला सुरुवात केली होती. संशयाला जागा म्हणून ही माहिती ठीक. निष्कर्ष म्हणून नाही. प्रवास आणि व्हीपीएन (आपला आयपी झाकून दुसरीकडचा दाखवणारी सेवा) यांमुळे देश बदलून दिसतो, हे एक्सही मान्य करतं. दुबईत नोकरी करणारा सांगलीचा माणूस गावच्या राजकारणावर लिहितो, त्यात कट शोधायचं कारण नाही. आणि ज्याला खरंच लपायचं आहे तो पाचशे रुपयांत देश बदलतो. असल्या खुणा बेसावध माणसाला पकडतात, सराईताला नाही.

हजारो खाती एकदम एका देशाची निघाली, एकाच महिन्यात उघडलेली निघाली, मजकूरही सारखा निघाला, तर ती बातमी आहे. पण तिथे जोर देशापेक्षा बाकीच्या दोन गोष्टींचा असतो.

१०. व्हीपीएन ओळखता येतो का? आणि भारतातला व्हीपीएन म्हणजे माणूस भारतातच?

मोठ्या व्हीपीएन कंपन्यांचे पत्ते याद्यांना माहीत असतात, म्हणून ‘हा व्हीपीएन आहे’ हे बऱ्याचदा कळतं. त्यामागचा माणूस कुठे आहे ते कळत नाही.

दुसऱ्या भागात एक गंमत आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि ‘भारत’ हा पर्याय मात्र चालू ठेवला. सर्व्हर सिंगापुरात, पत्त्याची नोंद भारताची. म्हणजे यादीत मुद्दाम ‘भारत’ लिहून घेतलेलं, आणि प्र. २ मध्ये म्हटलं तसं, ते तपासतं कोण?

आयफोनवाल्यांसाठी वेगळं. अॅपलचं प्रायव्हेट रिले सफारीतला खरा पत्ता झाकतं आणि त्याऐवजी ढोबळ परिसराचा किंवा फक्त देश आणि वेळेच्या पट्ट्याचा पत्ता पुढे करतं. ज्याने ते सुरू ठेवलंय त्याला लपवाछपवी करणारा समजू नका.

११. मुलगी लंडनला गेली आहे, पण तिच्या पोस्ट मुंबईच्या दिसतात. खोटं बोलतेय का?

भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर डेटा बहुधा भारतातल्या कंपनीपर्यंत येऊन मग बाहेर पडतो. त्यामुळे ती लंडनच्या बसमध्ये आणि आयपी इथला. कुलाब्यात फिरणारा परदेशी पाहुणा याच कारणाने आपल्या देशात दिसतो. प्रवासी ई-सिम घेतलं असेल तर तिसऱ्याच देशात. ऑफिसच्या लॅपटॉपचंही असंच. बीकेसीत बसलेला माणूस कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडतो ते सिंगापुरात किंवा अमेरिकेत. मुलीला फोन करा.

१२. व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा ईमेलने धमकी आली. आयपी कसा काढू?

व्हॉट्सअॅपचा संदेश कंपनीच्या सर्व्हरमार्गे येतो, पाठवणाऱ्याचा आयपी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. कॉलमध्ये दोन्ही फोन थेट जोडले जाऊ शकतात. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलदरम्यान आयपी झाकायची सोय दिली गेली. ती सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये सापडेल. ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीत, पूर्वी पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता मिळायचा. जीमेलच्या वेब पानावरून पाठवलेल्या मेलमध्ये आता गूगलचाच पत्ता दिसतो.

‘आयपी काढून देतो’ म्हणणाऱ्या अॅपना पैसे देऊ नका. स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, प्रोफाइलचा दुवा जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

१३. आयपीवरून एवढं काहीच कळत नाही, तर पोलिस दारात कसे पोहोचतात?

ते नकाशावरच्या टाचणीमागे जात नाहीत, निदान जाऊ नये. तपास अधिकारी आधी समाजमाध्यमाच्या कंपनीकडून आयपी आणि वेळ मागवतात, मग इंटरनेट कंपनीला विचारतात की त्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ (पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेतलं ९१) असा मजकूर मागण्याचा अधिकार देतं, आणि परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. गाव इथे अंदाजाने येत नाही, ग्राहकाच्या अर्जावरून येतं.

तरी चुकायच्या जागा आहेत. पहिली वेळेची. परदेशी कंपन्यांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे ४ तारखेला पहाटे दोनला टाकलेली पोस्ट तिथे ३ तारखेच्या रात्री साडेआठची असते. तारीख चुकली की भलत्याच ग्राहकाचं नाव येतं. दुसरी पोर्टची, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायच्या क्रमांकाची. एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतील (प्र. ६) तर पोर्ट क्रमांकाशिवाय त्यातला एक वेगळा काढता येत नाही, आणि अनेक साइट पोर्ट नोंदवतच नाहीत.

हे कागदी भय नव्हे. २००७ मध्ये शिवाजी महाराजांबद्दलच्या ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने दिलेली माहिती चुकीची निघाली. तोवर तो सुमारे ५० दिवस तुरुंगात काढून बसला होता.

आणि सगळं बरोबर असलं तरी कळतं ते कनेक्शन कुणाच्या नावावर आहे एवढंच. टाइप कुणी केलं, घरातल्या कुणी, पेइंग गेस्टने की पासवर्ड माहीत असलेल्या शेजाऱ्याने, हे पुढच्या तपासाचं काम.

१४. पिंगच्या वेळेवरून अंतर काढता येतं म्हणतात. खरं?

अर्धं खरं. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागला तर समोरचं यंत्र फार तर १०० किलोमीटरवर आहे. मुंबईतून विचारल्यावर पाऊण मिलिसेकंदात उत्तर आलं तर ते पुण्यात नाही, हे नक्की. पण ४० मिलिसेकंद लागले तर काहीच सिद्ध होत नाही. ते दिल्लीतलं असेल किंवा शेजारच्या इमारतीत मोबाइल डेटावर. यादी खोटी ठरवायला हे उत्तम, प्र. १० मधले नकली ‘भारतीय’ सर्व्हर असेच पकडता येतात. माणूस शोधायला निरुपयोगी.

१५. आयपीव्ही६ आल्यावर तरी नेमकं कळेल ना? आणि तोवर आमच्या मुंबईकर वाचकांचा आकडा कसा काढू?

आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत पत्ते इतके की प्रत्येक फोनला वेगळा देता येतो. २०१६ मध्ये आलेल्या जिओने सुरुवातीपासून त्यावर भर दिला. त्यामुळे प्र. ६ मधली गर्दी कमी होते. जागेचा अंदाज मात्र त्याच याद्यांतून येतो, म्हणून टाचणी सुधारत नाही. शिवाय फोन पत्त्याचा मागचा भाग स्वतःच बदलत राहतो.

आकड्याचं म्हणाल तर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकत्र धरा. डेटा सेंटरचे पत्ते वगळा. मोबाइल आणि ब्रॉडबँड वेगळे मोजा, आणि मोबाइलच्या बाजूला शहर न लिहिता फक्त ‘महाराष्ट्र’ लिहा. जाहिरातदाराला हे आवडत नाही. मग वाचकांनाच पिनकोड विचारा. दहापैकी दोघांनी जरी दिला तरी तो यादीपेक्षा बरा.

१६. माझी जागा चुकीची दिसते, ती दुरुस्त कुठे करायची?

याद्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दुरुस्तीचा अर्ज असतो. आयपी आणि बरोबर शहर एवढंच लागतं. पण तुमचा पत्ता उद्या बदलणारा असेल तर दुरुस्तीचा फायदा दुसऱ्याच कुणाला होईल, म्हणून आधी इंटरनेट कंपनीला सांगा. पूर्ण गठ्ठ्याची नोंद तीच बदलून देऊ शकते. बदल साइटपर्यंत झिरपायला काही आठवडे लागतात, कारण प्रत्येक साइट आपल्याकडची यादी आपल्या सवडीने ताजी करते. घाईचं काम असेल, म्हणजे एखादी सेवा ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ म्हणून अडवत असेल, तर त्या सेवेच्या ग्राहक विभागालाच आयपी कळवा. ते त्यांच्या बाजूने अपवाद घालू शकतात.